सही करण्याआधीचा वकील

वयाच्या तिशी-पस्तिशीत आयटीतल्या माणसाला एक ठरलेला आजार होतो. ऑनसाइट करून झालेलं असतं, फ्लॅटचा हप्ता चालू असतो, मॅनेजर नकोसा झालेला असतो. मग शुक्रवारी संध्याकाळी टपरीवर चहा पिताना कोणीतरी म्हणतंच, "साला, ह्याचा गल्ला किती असेल माहितीये?" लगेच मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडतो. दिवसाला इतके कप, कपामागे इतके रुपये, गुणिले तीस... आणि पुढच्या आठवड्यात मेलबॉक्समध्ये कुठल्यातरी चहाच्या, वडापावच्या नाहीतर प्ले-ग्रुपच्या फ्रँचायझीचं ब्रोशर येऊन पडतं.

मला ह्या आजाराची चेष्टा करायची नाहीये. नोकरी सोडून दुकान टाकावंसं वाटणं ह्यात काहीच गैर नाही, उलट मराठी माणूस धंदा करत नाही म्हणून रडणाऱ्यांनी तर टाळ्याच वाजवायला हव्यात. माझा मुद्दा ब्रोशरनंतर जो कागद येतो त्याबद्दल आहे. आणि त्या कागदाभोवती एका नव्या वकिलाला चांगली प्रॅक्टिस उभी करता येईल, पण कोणी करत नाहीये, ह्याबद्दल आहे.

एका जुन्या सहकाऱ्यानं मला त्याचा फ्रँचायझी करार वाचायला दिला होता. "तू स्पेसिफिकेशन वाचतोस ना दिवसभर, हेही वाच." वाचला. आपल्याला सवय असते, 'इफ' दिसलं की 'एल्स' शोधायची. ह्या करारात सगळे 'एल्स' एकाच बाजूला होते. मुदत पाच वर्षं. कंपनी तीस दिवसांच्या नोटिशीवर करार संपवू शकते, ह्याला मात्र पहिली तीन वर्षं बाहेर पडता येत नाही. फी परत मिळणार नाही. चहा पावडर, मसाला, कप, सगळं कंपनीकडूनच घ्यायचं, भाव कंपनी ठरवेल आणि बदलेल. भांडण झालंच तर लवाद कंपनीचा संचालक नेमेल आणि सुनावणी कंपनीच्या गावात. करार संपल्यावर दोन वर्षं ह्यानं चहाचा धंदा करायचा नाही. आणि शेवटच्या पानावर, पोलिसानं खिशात हळूच काहीतरी सरकवावं तसं एक वाक्य: ह्या करारात जे लिहिलं आहे तेवढंच खरं, त्याआधी तोंडी किंवा लेखी जे काही सांगितलं गेलं ते धरायचं नाही. म्हणजे 'अठरा महिन्यांत पैसे वसूल' असं छापलेलं ते चकचकीत ब्रोशर, ज्याच्या भरवशावर ह्यानं बावीस लाख काढले, ते ह्या एका ओळीनं पुसून टाकलेलं.

सही त्यानं आधीच केली होती. मला वाचायला दिला तो दुकान बंद करायचं ठरल्यावर. चौदा महिन्यांत.

आता साहजिक प्रश्न. ह्यावर कायदा काय म्हणतो? तर कायदा असा नाहीच. भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. ट्रेडमार्कचा १९९९ चा कायदा आहे, स्पर्धा कायदा आहे, लवादाचा १९९६ चा आहे, आणि ह्या सगळ्यांच्या खाली १८७२ चा आपला करार कायदा आहे, जो फ्रँचायझी नावाचा प्राणी जन्मायच्या आधीचा आहे. गंमत म्हणजे कायद्याच्या पुस्तकात 'फ्रँचायझी'ची नेटकी व्याख्या आली ती २००३ मध्ये, सेवाकर लावण्यासाठी! घेणाऱ्याचं रक्षण करायला व्याख्या लागली नाही, कर वसूल करायला लागली. तो सेवाकरही २०१७ मध्ये जीएसटीत विरघळला.

करार कायद्याचं कलम १७ वाचण्यासारखं आहे. फसवणूक म्हणजे काय ते त्यात सांगितलंय, आणि त्याच्या स्पष्टीकरणात म्हटलंय की नुसतं गप्प बसणं ही फसवणूक नाही, जोपर्यंत त्या परिस्थितीत बोलणं हे त्या माणसाचं कर्तव्य नसेल तोपर्यंत. आता फ्रँचायझी विकणाऱ्याला गेल्या वर्षी चाळीस दुकानं बंद पडली हे माहीत आहे, आणि तो गप्प बसला. त्याचं बोलण्याचं कर्तव्य होतं का? ते कर्तव्य कोणत्या कलमात लिहिलंय? ह्या एका प्रश्नापाशी बहुतेक प्रकरणं अडकतात. माझं मत विचाराल तर फ्रँचायझीचा अख्खा कायदा म्हणजे ह्या प्रश्नाला दिलेलं एका ओळीचं उत्तर असायला हवं: हो, बोललंच पाहिजे, लेखी, आणि पैसे घ्यायच्या आधी.

न्यायालयांनी काहीच केलं नाही असं नाही. पण जे झालं ते दोन्ही बाजूंना कापतं. १९९५ चा गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला हा निकाल ह्या विषयातला सगळ्यात गाजलेला. कोका कोलानं १९९३ मध्ये पार्लेचे थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट वगैरे ब्रँड घेतले, त्यात बाटल्या भरणाऱ्या कंपन्यांशी नवे करार झाले. गुजरातेतल्या बॉटलरचे शेअर्स पुढे पेप्सीच्या गोटात गेले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात पोचलं, आणि तिथे ठरलं की करार चालू असेपर्यंत 'दुसऱ्या कोणाचा माल बनवायचा नाही' ही अट चालते, ती धंद्यावरची बेकायदा बंदी नव्हे. बरोबरच आहे म्हणा. दुकानावर एकाची पाटी लावून आतून दुसऱ्याचा माल विकणं कोणाला चालेल?

पण करार संपल्यावर? तिथे कलम २७ आहे, आणि ते लहान माणसाच्या बाजूचं आहे. कोणालाही कायदेशीर धंदा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्द. २००६ मध्ये परसेप्ट डी'मार्क विरुद्ध झहीर खान ह्या प्रकरणात (हो, आपला श्रीरामपूरचा झहीर) सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कराराची मुदत संपल्यानंतर लागू होणारी अशी अट टिकत नाही. म्हणजे माझ्या सहकाऱ्याच्या करारातलं ते 'दोन वर्षं चहा विकायचा नाही' बहुधा कागदावरच राहिलं असतं. त्यानं मात्र घाबरून गाळा सोडला, स्टीलची भांडी भंगारच्या भावात काढली. ही माहिती त्याला अर्ध्या तासात कोणी दिली असती तर? गाळा तोच, गिऱ्हाईक तेच, पाटी फक्त बदलायची होती.

लवादाचंही तसंच. एका पक्षाच्या हितसंबंधातल्या माणसानं एकट्यानं लवाद नेमायचा, हे २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालानंतर चालत नाही. तरी करारांत ते कलम आहेच, कारण करार कॉपी-पेस्ट केलेले असतात. आपल्याकडे जुना कोड कोणी काढत नाही तसंच. 'चालतंय ना, हात नको लावू.'

सगळ्यात बोचरा निकाल तिसरा आहे. इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस. गॅस एजन्सीचा करार कंपनीनं मोडला होता, आणि तो मोडणं चुकीचं होतं असा लवादाचा निष्कर्ष होता. तरी सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की तीस दिवसांच्या नोटिशीवर संपू शकणारा करार न्यायालय पुन्हा जिवंत करणार नाही, भरपाई मिळेल ती त्या तीस दिवसांची. ह्याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तुम्ही बावीस लाख घातले असोत की दोन कोटी, तुमच्या करारात 'तीस दिवस' हे दोन शब्द असतील तर तुमच्या भांडणाची किंमत साधारण एका महिन्याच्या नफ्याएवढी आहे. म्हणून मी म्हणतो की ह्या विषयातल्या वकिलाचं खरं काम सहीच्या आधी आहे. नंतर तो कितीही हुशार असला तरी हातात पत्तेच नसतात.

अमेरिकेत हे सगळं साठच्या दशकात होऊन गेलंय. तिथे तेव्हा फ्रँचायझीची इतकी लाट होती की गाणारे-नाचणारे सगळे आपलं नाव विकायला निघाले होते. मिनी पर्ल ही नॅशव्हिलची विनोदी कलाकार, तिच्या नावानं तळलेल्या कोंबडीची साखळी निघाली. हजारावर फ्रँचायझी विकल्या गेल्या, उघडलेली दुकानं त्यामानानं थोडी, आणि न उघडलेल्या दुकानांची फीसुद्धा उत्पन्न म्हणून वहीत. शेअर आकाशात. मग हिशेब तपासणारे आले आणि फुगा फुटला. त्याच सुमारास, १९६९ मध्ये, हॅरॉल्ड ब्राऊन नावाच्या बॉस्टनच्या एका वकिलानं फ्रँचायझी हा भाबड्यांसाठी लावलेला सापळा आहे असं शीर्षकातच सांगणारं पुस्तक लिहिलं. कॅलिफोर्नियानं १९७० मध्ये पहिला कायदा केला, आणि १९७८ मध्ये फेडरल ट्रेड कमिशननं देशभरासाठी नियम आणला.

तो नियम मला आवडतो, कारण तो फार काही करत नाही. रॉयल्टी किती घ्यायची, नफा किती कमवायचा ह्यात तो पडत नाही. तो फक्त म्हणतो की करार किंवा पैसे ह्याच्या आधी निदान १४ दिवस घेणाऱ्याच्या हातात एक दस्तऐवज द्या, ज्यात २३ ठरलेली कलमं ठरलेल्या क्रमानं असतील. मालक कोण, आधी कुठे बुडालेत का, कोर्टात काय चालू आहे, एकूण खर्च किती येईल, माल कोणाकडून घ्यावा लागेल. कमाईचे आकडे सांगायची सक्ती नाही, पण सांगायचे तर ह्याच दस्तऐवजात, आधारासकट. कलम २० तर माझं सगळ्यात लाडकं: गेल्या तीन वर्षांत किती दुकानं उघडली, किती बंद पडली, आणि गेल्या वर्षात जे सोडून गेले त्यांची नावं आणि संपर्क. म्हणजे थेट माजी 'युजर'ला फोन लावायचा! ब्रोशरमधले हसरे चेहरे राहू देत बाजूला.

ह्या कागदानं तिथे वकिलांचा एक अख्खा उद्योग उभा केला. दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर १२० दिवसांत दस्तऐवज सुधारायचा, काही राज्यांत नोंदणीचं नूतनीकरण करायचं. हे म्हणजे आपल्या भाषेत ॲन्युअल मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट. बरेच वकील अर्थातच कंपन्यांच्या बाजूचे, कारण पैसा तिकडे. दुसऱ्या बाजूला थोडेच. त्या बाजूच्या लोकांनी स्वतः एकत्र यायला शिकावं लागलं, आणि त्यात आपले लोक पुढे होते हे फारसं कोणाला माहीत नसतं. अमेरिकेतल्या गुजराती मोटेलवाल्यांची संघटना, आहोआ, १९८९ मध्ये निघाली, आणि १९९८ मध्ये तिनं न्याय्य फ्रँचायझीचे बारा मुद्दे जाहीर करून मोठमोठ्या हॉटेल कंपन्यांसमोर ठेवले. सुरतेहून, नवसारीहून गेलेल्या पटेलांनी हॉटेलच्या खोल्या झाडता झाडता करार वाचायला शिकून घेतलं होतं.

कायद्यानं सगळं सुटलं का? छे. बर्गरिम नावाच्या साखळीवर २०२२ मध्ये त्याच कमिशननं खटला भरला: दीड हजारावर फ्रँचायझी विकल्या, बहुतेकांची दुकानं कधी उघडलीच नाहीत. मिनी पर्लनंतर पन्नास वर्षांनी तीच कोंबडी, फक्त बर्गरमध्ये. शिवाय तो केंद्रीय नियम मोडला म्हणून घेणाऱ्याला स्वतःला त्या नियमाखाली दावा लावता येत नाही, तो हक्क फक्त कमिशनचा. त्याला राज्यांच्या कायद्यांकडे वळावं लागतं. तेव्हा भारतात कायदा करायचा तर ही फट आधी बुजवायला हवी.

'आणखी एक कायदा, आणखी एक इन्स्पेक्टर' हा आक्षेप मला ऐकू येतोय. मलाही परवाना-राज नकोय. आणि खरं सांगायचं तर ब्रिटनमध्येही फ्रँचायझीचा वेगळा कायदा नाही. पण फ्रान्समध्ये १९८९ पासून आहे, तिथे २० दिवस आधी माहिती द्यावी लागते. मलेशियानं १९९८ मध्ये केला, ऑस्ट्रेलियानं त्याच वर्षी सक्तीची आचारसंहिता आणली. ह्यातल्या कुठल्याच देशात फ्रँचायझी बंद पडल्या नाहीत. आणि लांब कशाला जायचं? आपण फ्लॅट घेतो. २०१७ पासून महारेराच्या वेबसाइटवर बिल्डरची जमीन, मंजुऱ्या, कोर्टकज्जे सगळं घरबसल्या दिसतं, आणि करार नोंदवल्याशिवाय त्याला दहा टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत. शेअर घेतो तर कंपनीला आधी सेबीकडे जाडजूड पुस्तक द्यावं लागतं. मग ज्या व्यवहारात माणूस पीएफ काढतो, बायकोचे दागिने ठेवतो आणि नोकरीही सोडतो, तिथे एक चार पानी ब्रोशर पुरतं, हे कुठलं तर्कशास्त्र? नोंदणी नको, मंजुरी नको. फक्त उघडलेल्या-बंद पडलेल्या दुकानांचा तक्ता, सोडून गेलेल्यांची यादी, चालू खटले, आणि कमाईच्या दाव्याचा आधार. चारच गोष्टी. प्रामाणिक छोट्या ब्रँडला हे एका वीकेंडचं काम आहे. ज्याला जड जाईल त्याला ते का जड जातंय हे उघड आहे.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर वकिलांनी काय करायचं? इथे मला खरंच नवल वाटतं. पुण्या-मुंबईच्या लॉ कॉलेजांतून दरवर्षी इतकी मुलं बाहेर पडतात, सगळ्यांना कॉर्पोरेट फर्म हवी असते, आणि हा अख्खा कोपरा रिकामा पडलाय.

अर्थात ह्या प्रॅक्टिसचं गणित सोपं नाही. भारतात वकिलाला जाहिरात करता येत नाही. २००८ पासून वेबसाइट ठेवता येते, पण त्यात नाव, पत्ता, सनद, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढंच. दुसरं, 'जिंकलो तर वीस टक्के' अशी फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. म्हणजे बुडालेला माणूस तुमच्याकडे येणार तो रिकाम्या खिशानं, आणि तुम्ही त्याला उधारीवर लढवू शकत नाही. वर अमृतसर गॅसचा निकाल. तेव्हा भांडणावर ही प्रॅक्टिस उभी राहणारच नाही. ती ठरलेल्या फीवर, सहीआधीच्या तपासणीवरच उभी राहील. पंचवीस हजार घ्या, तीस घ्या. बावीस लाख घालणारा माणूस इंटिरिअरवाल्याला त्याहून जास्त देतो. आणि गिऱ्हाईक आणणार कोण? सीए. ह्या माणसांचं कर्ज, प्रोजेक्ट रिपोर्ट सगळं सीएकडूनच जातं. दहा सीए जोडले की पुरे.

त्या तीस हजारांत करायचं काय, हेही सांगतो. ट्रेडमार्क खरंच नोंदलेला आहे का ते बघायचं. सरकारी साइटवर शोध फुकट आहे, खाद्यसेवेसाठी वर्ग ४३ आणि चहा-मसाल्यासाठी ३० बघायचा. बरेचदा अर्जापुढे 'आक्षेप' किंवा 'विरोध' असं लिहिलेलं सापडतं, म्हणजे जे नाव अजून त्याचं झालेलंच नाही ते तो पाच वर्षांसाठी तुम्हाला भाड्यानं देतोय. 'अमृततुल्य' हा शब्द तर पुण्यात कित्येक दशकं पाट्यांवर आहे, त्यात तुमच्या ब्रँडचं स्वतःचं काय ते विचारायचं. मग रॉयल्टी. सहा टक्के म्हणतात, पण त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि पाच टक्केवाल्या रेस्टॉरंटला इनपुट क्रेडिट मिळत नाही. म्हणजे विक्रीवर खरे ७.०८ टक्के. ब्रोशरमधला एक्सेलचा तक्ता तिथेच हलायला लागतो.

आणि 'तुम्ही फक्त पैसे घाला, दुकान आम्ही चालवू, महिन्याला इतके टक्के नक्की' असं कोणी म्हणालं, तर वकिलानं पेन खाली ठेवून पहिला प्रश्न विचारायचा की ही फ्रँचायझी आहे की ठेव. कारण ठेव निघाली तर महाराष्ट्रात १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे आणि केंद्राचा २०१९ चा अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणारा आहे, आणि ह्या दोन्ही कायद्यांत मालमत्ता जप्त करण्याएवढा दम आहे. फ्रँचायझीला कायदा नाही म्हणून जे लोक त्या नावाआड लपतात, त्यांना हे ऐकवलं की पुष्कळदा 'सर, आपण अटी बदलू' असा फोन येईल.

नोटिशीचे तीस दिवस सहा महिने करून घ्यायचे. ब्रोशर कराराला परिशिष्ट म्हणून जोडायला सांगायचं. जोडत नाहीत म्हणाले तर तेच उत्तर समजायचं. :)

राहता राहिलं कलम २०, म्हणजे सोडून गेलेल्यांची यादी. ती आपल्याकडे कोणी देणार नाही. पण ज्युनिअरला एक दुपार गूगल मॅप्सवर बसवा. ब्रँडचं नाव टाकून शहरामागून शहर बघायचं आणि जिथे 'कायमचे बंद' असं लिहिलंय त्या दुकानांचे पत्ते उतरवायचे. जुन्या रिव्ह्यूंच्या तारखांवरून दुकान साधारण किती महिने चाललं ते कळतं. त्यातली जवळची तीन-चार गाठून शेजारच्या मेडिकलवाल्याला नाहीतर पानवाल्याला विचारायचं. आधीचा मालक कोण होता, गाळा का सोडला आणि आता तो कुठे असतो, हे त्याला हमखास माहीत असतं. बऱ्याचदा नंबरसुद्धा.